टेकाडावरची घागर

अक्षय तृतीयेच्या दिवशी बाबांनी मला पाणी न्यायला सोबत घेतलं होतं. दर्यापूरहून पिण्याच्या पाण्याचे कॅन धरणावर पोचवायचे, एवढंच काम. जीपच्या मागच्या बाकावर मी त्या निळ्या कॅनांच्या मध्ये दाटीवाटीनं बसले होते. गाडी खड्ड्यातून गेली की सगळे कॅन एकदम गुडगुडायचे. उजाडत होतं. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं होती आणि ढेकळांवर अजून थोडा गारवा होता.

"सर, मागं पोरगी बसली हाय का नुसतं पानीच हाय?" ड्रायव्हरनं आरशात बघत विचारलं. "आवाजच नाही तिचा."

"आमची जुईली बोलत नाही," बाबा म्हणाले. "बघते."

हे ते कौतुकानं म्हणतात. अमरावतीच्या राजापेठेत बाबांचे जीवशास्त्राचे क्लास आहेत, त्यामुळे उद्धव हे त्यांचं नाव आईशिवाय कोणी घेत नाही, सगळे सरच म्हणतात. क्लासमधल्या मुलींसमोर मला बोलवत नाहीत, कारण मी गप्प उभी राहते. पण धरणावर मात्र नेतात. तिथं गप्प राहणं कामाचं असतं.

ते धरण माझ्या जन्माच्या आधीचं. त्यात कवठळ नावाचं गाव बुडालं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नुसतं पाणीच पाणी दिसतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तसं मधोमध जुन्या गावाचं टेकाड वर येतं. चारही बाजूंनी पाणी आणि मध्ये ते फुटक्या मातीचं बेट. त्यावर घरांचे चौथरे, पाटे-वरवंट्यांचे तुकडे, दगडी बांधकामाची एक विहीर. आणि उन्हाळाभर नदी सुरय. राखी पाठीचे, काळी टोपी घातलेले, पिवळ्या चोचीचे पक्षी. ते उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. कुत्री येऊ नयेत, गुरं येऊ नयेत म्हणून बाबांच्या पक्षीमंडळानं आणि वनखात्यानं मिळून तिथं राखण सुरू केली. मग बघायला लोक यायला लागले. मग काठावर तंबू आले, फलक आला, आणि 'बेट महोत्सव' असं त्याला नाव मिळालं.

"कोकणात कशाला जायचं?" बाबा पाहुण्यांना सांगतात. "आपल्या खारपाणपट्ट्यात कधीकाळी समुद्र होता म्हणतात. समुद्र गेला, बेट आपल्याला ठेवून गेला."

लोक हसतात आणि फोटो काढतात. बुडालेल्या कवठळची माणसं काठापासून आत, नव्या कवठळमध्ये राहतात. तिथल्या बोअरचं पाणी खारट आहे. चहा त्या पाण्यात फाटतो. धरणाचं गोड पाणी जाड पाइपातून आमच्या शहराकडे जातं, आणि तो पाइप गावाच्या शाळेला अगदी लागून गेला आहे. सुट्टीत पोरं त्यावर बसतात, थंड लागतो म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा तंबूंपाशी बायका पाहुण्यांसाठी कुरड्या तळत होत्या. कुंदनकाका नाव धूत होते. ते नावाडीही आहेत आणि टेकाडाचे राखणदारही. महोत्सवाचा टी-शर्ट त्यांच्या अंगावर होता, छातीवर सुरय छापलेला. हिवाळ्यात त्यांचे वडील वारले होते. दुखवट्यातल्या माणसाच्या अंगावर तो टी-शर्ट कसासाच दिसत होता. त्यांची मुलगी करिश्मा माझ्याच वयाची. ती पळत आली आणि माझ्या हातातला कॅन तिनं ओढून घेतला.

"सोड वो, तुले नाही झेपत. शहरातले हात."

मी सोडला. तेवढ्यात माणिकबाई आल्या, करिश्माची आजी. उंच, वाळलेल्या, कपाळ मोकळं. हातात नवी घागर, डोक्यावर टोपलं. टोपल्यात कुरड्या, भजी, चिंचवणीचा गडू आणि वर एक डांगर, म्हणजे खरबूज, त्यांच्याच गाळपेरातलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळाच्या जमिनीत हे लोक डांगरं लावतात.

"सर, कुंदनले सांगा. बाराच्या आत मले टेकाडावर सोडून देईन."

"आज, मावशी? भर दुपारी?"

"सावली पायाखाली आली का घागर भरतेत. सकायी सकायी भरून काय करू? पितर काय चहा प्याले येते?"

तळणाऱ्या बायका हसल्या. बाबाही हसले. माणिकबाई हसल्या नाहीत, तेव्हा सगळे थांबले.

त्यांच्याकडे रीत अशी. वर्षभरात जो माणूस गेला, त्याला पहिल्या अक्षय तृतीयेला पितरांत मिळवायचं. तोवर तो ना घरचा, ना पितरांचा. त्याच्या नावानं घागर भरायची, घरच्या माणसानं आपल्या हातानं पाणी द्यायचं, आणि पाणी त्याच विहिरीचं हवं, जिचं पिऊन तो वाढला. कवठळ बुडाल्यापासून दर उन्हाळ्यात माणिकबाईंचे नवरे, सहदेवआबाजी, स्वतः विहिरीत उतरून गाळ काढायचे, एवढ्यासाठीच. मागच्या वर्षी टेकाडावर जायला पूर्ण बंदी झाली, आणि त्या वर्षी गेलेल्यांच्या घागरी भरायच्या राहिल्याच. यंदा गाळ काढणारा माणूसही राहिला नाही.

"अकोल्याले दवाखान्यात पानी मागत व्हते," माणिकबाई म्हणाल्या. त्या बाबांशी बोलत होत्या, पण बघत होत्या पाण्याकडे. "पोटाचं ऑपरेशन झालं व्हतं. डॉक्टर म्हने, तोंडाले पानी लावजा नका. म्या नाही लावलं. ओला कापूस ओठावरून फिरवला फक्त. म्हनलं, थांबा जरा, अक्षय तीजेले आपल्या इहिरीचं पाजतो तुमाले. थे व्हय म्हनले. अन् सकायी गेले."

बाबांनी चष्मा काढून पुसला. बाबा वाईट नाहीत, हे मला इथं सांगायलाच हवं. त्यांनी शांतपणे समजावलं. पक्षी दुपारी अंड्यांवर सावली धरून बसतात, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. माणूस आला की उडतात. या उन्हात अंडी उघडी पडली तर जागच्या जागी शिजतात.

"मले माईत हाय थे," माणिकबाई म्हणाल्या. "म्या काय अंडे खाले चालली काय?"

"मावशी, तुम्हाला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल. या कॅनमधलं पाणी घ्या, इथं काठावर भरा घागर. चांगलं, शुद्ध पाणी आहे."

"इकतचं?"



"पुढच्या वर्षी आपण वनखात्याशी आधीच बोलू," बाबा म्हणाले. "मी स्वतः बोलतो."

"तवलोक थे कुठं राहतीन, सर?"

त्यांनी हे भांडणासारखं विचारलं नव्हतं. पाहुण्यांची खोली कुठली, असं विचारावं तसं विचारलं. बाबांनी कुंदनकाकांकडे बघितलं आणि म्हणाले, "दुपारी जरा लक्ष असू द्या." कुंदनकाका नावेच्या दोराची गाठ सोडवत होते. सुटलेली गाठ त्यांनी पुन्हा बांधली आणि म्हणाले, "व्हय सर."

टेकाडाच्या एका टोकाला हिरव्या शेडनेटचं लपण केलेलं आहे. दोन जण बसतील एवढंच. ऊन चढायच्या आत त्यात शिरायचं आणि उन्हं कलल्यावरच बाहेर यायचं. मधे बाहेर पाऊल टाकायचं नाही, नाहीतर पाखरं उठतात. कोणत्या घरट्यातून पिल्लू बाहेर आलं ते दुर्बिणीतून बघायचं काम माझं. मला सोबत म्हणून करिश्मा. कुंदनकाकांनी आम्हाला सोडलं आणि नाव वल्हवत परत गेले. जाताना त्यांनी विहिरीकडे एकदाही बघितलं नाही.

सुरुवातीला बरं वाटलं. वारा होता. सुरय कर्कश ओरडत येत-जात होते. करिश्मा आडवी पडून भजी खात होती.

"पाखराले सावली अन् मानसाले बंदी," ती म्हणाली. "तुये बाबा पुढच्या जन्मी अंडं होतीन पाय."

मला हसू आलं. मग वाटलं, हसायला नको होतं.

"आजी आली तर?" मी हळूच विचारलं.

"येतेच थे. बुढी ऐकनारी नाही. आन बाबा तिले अडवनारे. म्हनून तर म्या इथं येऊन बसली. मले नाही पाहायचं थे." तिनं तोंड पुसलं. "तुले सांगू? आबाजीचं अजून घरात येनं-जानं हाय. रात्री नाही येत. दुपारी येते. माठापाशी उभे राहते. पानी खारं हाय म्हनून पीत नाहीत."

"तू बघितलंस?"

"आजीनं."

ती कूस बदलून झोपल्यासारखी पडली. मी दुर्बीण डोळ्याला लावली.

ऊन चढत गेलं तसा वारा पडला. तुम्ही आमच्याकडची मे महिन्यातली दुपार बघितली नसेल तर सांगून कळणार नाही. उजेड इतका असतो की वस्तू दिसेनाशा होतात. चौथरे पांढरे पडले. पाण्याची कड थरथरायला लागली आणि काठ, तंबू, माणसं सगळं त्या थरथरीत वर उचललं गेलं. भेगाळलेल्या गाळाचा वास यायला लागला, शेवाळाचा, वाळलेल्या माशांचा. सुरय एकेक करून अंड्यांवर बसले. पंख जरा उचललेले, चोची उघड्या. ओरडणं बंद झालं. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं, दुसरा आवाज नव्हता.

पलीकडच्या काठावर माणिकबाई दिसल्या. डोक्यावर टोपलं, टोपल्यावर घागर. त्या पाण्यात उतरल्या. तिथं उन्हाळ्यात फार पाणी नसतं. आधी गुडघे बुडाले, मग कंबर. त्या सरळ टेकाडाकडे चालत होत्या, रोजच्या पायवाटेनं चालावं तशा. ती त्यांच्या जुन्या गावाची वाटच असणार.

पाहुण्यांना घेऊन लांबून फेरी मारणाऱ्या नावेत बाबा उभे राहिले. त्यांनी हात हलवला. दुसऱ्या नावेतून कुंदनकाका निघाले. आवाज इथवर येत नव्हता. मला नुसतं दिसत होतं. कुंदनकाका पाण्यात उतरले. आपल्या आईसमोर उभे राहिले. बराच वेळ दोघं छातीएवढ्या पाण्यात समोरासमोर उभी होती. मग त्यांनी हात वर केला आणि तिच्या डोक्यावरची घागर काढून घेतली. पाहुण्यांपैकी कोणीतरी फोन धरून त्यांचा फोटो काढत होतं.

माणिकबाई परत फिरल्या. काठावर जाऊन उन्हात बसल्या.

आणि टेकाडावर, विहिरीपाशी, एक सुरय उठला.

तो ओरडला नाही. माणूस जवळ आला की सुरय डोक्यावर झडप घालतात, किंचाळतात. हा नुसता उठला आणि बाजूला सरकला. मग त्याच्या पुढचा उठला. मग त्याच्या पुढचा. एका रेषेत. विहिरीपासून पाण्याच्या कडेपर्यंत, कोणीतरी चालत जावं आणि वाटेतल्यांनी बाजूला व्हावं, तसं. मी दुर्बीण खाली केली. उघड्या डोळ्यांनीही तेच दिसलं. रेषेवर कोणी नव्हतं.

"करिश्मा…"

ती जागीच होती. तिनं माझं मनगट धरलं.

रेषा पाण्याच्या कडेला, माणिकबाईंच्या बरोबर समोर, थांबली. तिथला एक सुरय उडाला तो परत बसलाच नाही. तिकडे काठावर माणिकबाई मान खाली घालून बसल्या होत्या. मधे पाणी चमकत होतं.

मला अंड्यांची आठवण झाली. रेषेवरची अंडी उघडी पडली होती. मी दुर्बीण पुन्हा लावली. बाबांनी मला शिकवलं होतं ते मी तेव्हाही करत होते, हे आता विचित्र वाटतं. पहिल्या घरट्यातली ठिपक्यांची अंडी दिसली. त्यांच्यावर सावली होती. पक्षी नव्हता, ढग नव्हता. सूर्य डोक्यावर होता आणि आजूबाजूच्या दगडांना सावलीच नव्हती. पण प्रत्येक उघड्या घरट्यावर एक गडद गोल सावली पडलेली होती, जणू कोणी उकिडवं बसून दोन्ही हात वर धरले आहेत.

"आबाजी असेच बसत…" करिश्मा ओठ न हलवता म्हणाली. "डांगराच्या रोपांवर. दुपारची सावली धरून…"

मग सावल्या निघून गेल्या. पक्षी परत आले, बसले. आणि रेषा पुन्हा सुरू झाली. या खेपेला ती पाण्याकडे जात नव्हती. आमच्याकडे येत होती.

मी मागे सरकले. लपणाला मागे वाट नाही.  समोरच्या चौथऱ्यावरचा सुरय उठला. मग त्याच्या अलीकडचा. मग अगदी जाळीपुढचा, इतक्या जवळून, की त्याच्या भिजलेल्या पोटाचं पाणी जाळीवर उडालं.

नंतर पक्षी उठायचे थांबले. जाळीचा हिरवा उजेड एका बाजूनं मंद झाला. गाळाच्या वासात दुसरा एक वास मिसळला. फिनाइलचा, स्पिरिटचा, खूप दिवस बंद असलेल्या वॉर्डचा. तिथं, त्या उघड्या उन्हात.

"पानी…"

तो आवाज नव्हताच म्हणा. वाळलेली पानं जमिनीवरून सरकावीत तसं काहीतरी. पण शब्द तोच होता.

करिश्मानं तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबली आणि मान हलवली. नको, नको.

"पानी… वो माय…"

मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. भीती होतीच. पण अकोल्याच्या वॉर्डात ओठांवरून फिरवलेला कापूस मला दिसत होता. माझ्याजवळ पाण्याची बाटली होती, सकाळी त्याच कॅनमधून भरलेली. तहानलेल्या माणसानं मागितलं तर द्यायचं, एवढंच मला माहीत होतं. मी जाळीची कड उचलली आणि बाटली बाहेर सरकवली.

"अवं, काय करून राहिली!" करिश्मा दबक्या आवाजात किंचाळली आणि बाटली धरायला झेपावली. पण बाटली आधीच बाहेर होती.

बाहेर बाटली चिरमटायला लागली. रिकाम्या बाटलीतून हवा ओढून घेतली की प्लॅस्टिक कसं आत जातं, तसा कडकड आवाज. मधे मधे घोट. सावकाश घोट. बऱ्याच दिवसांनी मिळाल्यावर पितात तसे. कितीतरी वेळ तो आवाज येत राहिला. एवढं पाणी त्या बाटलीत मावत नाही.

मग हिरवा उजेड पुन्हा सारखा झाला. जाळीपुढचा सुरय येऊन अंड्यांवर बसला.

मी कड उचलून बाटली आत घेतली. ती चपटी झाली होती. झाकण मात्र सकाळी मी लावलं होतं तसंच घट्ट बसलेलं होतं.

"तू काहून देलं?" करिश्मा रडत होती. "आजीनं द्यायचं व्हतं थे. पह्यलं पानी आजीच्या हातचं पाह्यजे व्हतं. पह्यलं पानी ज्याच्या हातचं, त्याच्याच घरचं होते मेलेलं मानूस. तुले कोनी सांगतलं नाही?"

मला कोणीच सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरी हे पाळत नाहीत.

उन्हं कलल्यावर कुंदनकाका आम्हाला न्यायला आले. आम्ही दोघी नावेत चढलो आणि त्यांनी वल्हं पाण्यात घातलं. नाव जागची हलेना. त्यांनी खाली बघितलं. पाणी नावेच्या कडेच्या फार जवळ आलं होतं. त्यांनी आधी आमच्याकडे, मग आमच्या मधल्या रिकाम्या फळीकडे बघितलं. त्यांनी जोर लावला. काठ येईपर्यंत त्यांनी पुन्हा वर बघितलं नाही. त्यांचा टी-शर्ट ओला होता, घामानं की पाण्यानं ते कळत नव्हतं.

माणिकबाई तिथंच बसलेल्या होत्या. करिश्मानं त्यांच्या कानात सांगितलं. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझी हनुवटी वर केली. मला वाटलं मारतील. त्यांची बोटं खरखरीत होती.

"तू पाजलं?"

मी मान हलवली.

"पेले पोटभर?"

"हो."

त्यांनी हात खाली घेतला. मग बाबांकडे वळून विचारलं, "सर, तुमचे अंडे वाचले?"

"सगळी वाचली, मावशी," बाबा म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. "तुमच्या सहकार्यामुळे."

"बरं झालं," माणिकबाई म्हणाल्या. टोपल्यातलं डांगर त्यांनी तळणाऱ्या बायकांपुढे ठेवलं. "पाहुन्यायले कापून द्या."

त्या उन्हाळ्यात टेकाडावर कधी नव्हे इतकी पिल्लं झाली. पेपरात बाबांचा फोटो आला. अमरावतीत एका कार्यक्रमात त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं. भाषणात ते म्हणाले की स्थानिक लोकांचं मन वळवलं तर निसर्ग वाचतो. आईनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी मात्र माठ रिकामा व्हायला लागला. सकाळी आई काठोकाठ भरून ठेवायची आणि दुपारी जेवायला बसलं की तांब्या तळाला खणकन लागायचा. आई म्हणाली, पाझरतो. तिनं नवा माठ आणला. तोही पाझरला. खालची फरशी कोरडी होती. बाबा म्हणाले, उन्हाळा आहे, बाष्पीभवन होतं, आणि फळ्यावर शिकवतात तसं मला समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. दुपारी स्वयंपाकघरात जाताना मी बाजूला होऊन चालायला लागले होते. 

टेकाडावरची पिल्लं उडून गेली, बंदी उठली, आणि पाऊस यायच्या आत एका दुपारी माणिकबाई आमच्या दारात आल्या. एकट्याच, दर्यापूरहून एसटीनं. कडेवर घागर, तोंडाला फडकं बांधलेलं. त्या विहिरीचं पाणी त्यांनी स्वतः काढून आणलं होतं. बाबा घरी होते. ते घाईनं पुढे आले.

"या मावशी, आत या. अहो, मला कळवलं असतं तर मी गाडी पाठवली असती."

"आत नाही येत सर. न्याले आली."

"काय न्यायचंय?"

माणिकबाई खाली वाकल्या. घागर उंबऱ्याबाहेर ठेवली. फडकं सोडलं. डोक्यावरून पदर घेतला आणि घराच्या आत, बाबांच्या बाजूनं बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "चला. आनलं म्या. आपल्या इहिरीचं हाय. चला आता."

राजापेठेतल्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. समोरच्या क्लासमधली मुलं सुटली होती. आमच्या घरात मात्र काहीच हललं नाही. माणिकबाई ऐकत होत्या. मधेच त्यांनी मान हलवली, कोणी बोलत असताना आपण हलवतो तशी. एकदा म्हणाल्या, "अवो, पन…" आणि गप्प झाल्या. बाबा आईकडे बघत होते. आई माझ्याकडे.

कितीतरी वेळानं त्यांनी घागरीला पुन्हा फडकं बांधलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा मात्र कोणी घरातून हाकलून दिल्यावर होतो तसा झाला होता.

मी त्यांच्यापाशी गेले. मोठ्या माणसाला मी आपणहून काही विचारत नाही, पण विचारलं. "काय म्हणाले?"

"येत नाही म्हन्ते." त्या घागर कडेवर घेत म्हणाल्या. "इथं नळाले पानी आपल्या धरनाचंच येते म्हन्ते. गोड हाय म्हन्ते. मंग तिकडं येऊन खारं कायले पेऊ, म्हन्ते."

पायरी उतरता उतरता त्या थांबल्या.

"दुपारचं झाकन काढून ठेवत जाय पोरी माठावरचं. त्याहीले झाकन उचलाचं सुदरत नाही. अन् पेला ठेवजो. ओंजयीनं पेतीन तर ठसका लागते त्याहीले."

त्या गेल्या. घागर पुन्हा एसटीनं परत गेली असणार, भरलेलीच. बाबा बराच वेळ दारात उभे होते. मग म्हणाले, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, आणि क्लासला निघून गेले.

मी झाकण काढून ठेवते. शेजारी एक स्टीलचा पेला ठेवते. तासाभरानं परत जाते तेव्हा पेला धुऊन पालथा घातलेला असतो, दुसऱ्याच्या घरी राबणारा माणूस घालतो तसा, अगदी कडेला. मला आता पहिल्यासारखी भीती वाटत नाही, किंवा वाटते त्याची सवय झाली आहे.

पण काल दुपारी गेले तेव्हा माठापाशी दोन पेले पालथे होते. दुसरा मी ठेवला नव्हता. आजी बरी आहे ना, हे विचारायला मी संध्याकाळपर्यंत करिश्माला फोन लावत होते. कोणी उचलला नाही. आणि आज सकाळी आई म्हणाली, माठ पुरत नाही गं, अजून एक आणावा लागेल. बघितलं तर बाहेर पायरीवर, दारापासून फाटकापर्यंत, ओल्या गाळाचे पाय उमटले होते, लहान-मोठे, कितीतरी. सगळे आत येणारे.